बदली माणूस

हौशीने पदर कमरेला खोचला, काठी दोन्ही हातांत धरून डोक्यावर नेली आणि मोजायला लागली. काठी सरळ वर जात होती, सरळ खाली येत होती. वीस झाले तसा तिने घाम पुसला आणि विचारलं, "आता भिंतीवर बोटां चढवू का?" सगळं अगदी बिनचूक चाललं होतं. फक्त मोडलेला खांदा हौशीचा नव्हता. तो तिच्या नवऱ्याचा, कोंडूचा होता, आणि कोंडू सहा मैलांवर, शेणव्याच्या वाडीत शेत राखत बसला होता.

सुंदराबाईंनी कपाळाला हात लावला. मुंबईला तीन वर्षं शिकून त्या शहापूरच्या या दवाखान्यात व्यायामोपचार विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या होत्या. विभाग म्हणजे मागची पत्र्याची खोली, एक कप्पी, चार काठ्या आणि हाताखाली दामू शिपाई. पण प्रमुख त्या प्रमुखच. वर्षभरात चाळीस माणसांनी उपचार सुरू केले आणि नऊ जण शेवटापर्यंत टिकले, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. त्यांनी वेळ बदलून पाहिली, बाजाराचा दिवस धरून पाहिला, व्यायामाची चित्रं काढून घरी दिली. माणसं दोनदा यायची आणि तिसऱ्या वेळी गडप व्हायची.

कोंडू त्यातलाच. ज्येष्ठात घर शाकारताना पडून त्याचा खांदा मोडला. प्लास्टर निघालं, पण हात छातीच्या वर जाईना. त्रेसष्ट सालचा भाद्रपद चालू होता आणि भातकापणी दीड महिन्यावर आली होती. भारा डोक्यावर चढवता येत नाही अशा गड्याला कामाला कोण बोलावणार? आणि आत्ता सुटला नाही तर सांधा जन्मभर असाच धरलेला राहील, हे बाईंनी त्याला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. त्यावर कोंडू म्हणाला होता, "रिकामी काठी वरखाली करायची, याला काय काम म्हणत्यात बाई? लोकां हसतात." पुढच्या वेळी तो आलाच नाही. हौशी आली.

"अगं, त्याचं औषध तू पिऊन कसं चालेल?" बाई म्हणाल्या.

"तो राखणीला हाय. तेच्या बदली मी आलीय," हौशी शांतपणे म्हणाली. "वीस म्हनलात, वीस केले. कमी केला काय?"

दामू भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होता. मजुरीला एकाला जमलं नाही तर घरातलं दुसरं माणूस पाठवायचं, ही इथली रीतच. तीच हौशीने दवाखान्यालाही लावलेली दिसत होती. बाईंना राग आला आणि हसूही आलं. पण सहा मैल चालून आलेल्या बाईला तसंच परत पाठवायला त्यांचं मन होईना. त्यांनी तिला कप्पीची दोरी ओढायला शिकवली.

हौशी दर सोमवारी आणि गुरुवारी येत राहिली. नवीन काही दाखवलं की ती विचारायची, "किती येळा?" आणि तेवढं करूनच उठायची. इतका गुणी रोगी बाईंना आजवर भेटला नव्हता. दुर्दैव एवढंच की तिला काही झालेलंच नव्हतं.

कापणीच्या आदल्या आठवड्यात कोंडू स्वतः दारात येऊन उभा राहिला. मागे हौशी. बाई काही बोलायच्या आत त्याने उजवा हात उचलला. तो खांद्यावरून, कानावरून सरळ वर गेला आणि चौकटीला जाऊन टेकला. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला तो तीनदा वर करायला लावला. डोळे भरून आले, तेही त्यांनी लपवले नाहीत.

"कोंडूदादा, हे केलंस कसं?"

"करतो काय?" कोंडू वैतागून म्हणाला. "ही माझ्या बदली राबली, मंग सावड फेडाया नको? हितं सगळं मिळून साठ करून यायची ते घरी मोजून साठ माझ्याकडून घ्यायची. वर वाटंची सावड धरली. सहा मैल जायाचे, सहा यायाचे, त्याचे रोजचे बारा येगळे."

सावडीपुढे इलाज नसतो. आज तू माझ्या शेतात राबलास की उद्या मी तुझ्या शेतात. त्यात चुकारपणा करणाऱ्याला वाडीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

बाई खुर्चीवरून उठल्याच. "दामू, पाटीवर लिही. उद्यापासून प्रत्येक रोग्याबरोबर घरचं एक माणूस आलंच पाहिजे. आधी त्याला शिकवायचं." दामू खडू शोधायला धावला. कोंडू पाणी प्यायला बाहेर गेला.

बाईंनी हौशीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी ती चूक आमच्या फार कामी आली बघ."

हौशीने दाराकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला. "चूक कसली बाई? हात मी हालवला म्हनून खांदा तेचा बरा व्हनार नाय, येवढा मला पैल्या दिशीच कळत व्हता. पन माझा मानूस डाक्टरला नाय म्हनल, तुमाला नाय म्हनल. सावडीला नाय म्हनायची तेची छाती नाय."