घर अंगावर घातलेली बाई

सून गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली, तर सासूच्या हातात ते कागद होते.

पंखा गरगरत होता. जेवणाच्या टेबलावरचा गठ्ठा उडून खोलीभर झाला होता आणि सासू वाकून एकेक कागद गोळा करत होती. चष्मा डोक्यावर चढवलेला. म्हणजे अजून नीट दिसलं नसणार. सुनेने कपड्यांचा ढीग खुर्चीवर टाकला आणि ती धावली.

"आई, राहू द्या. मी उचलते."

"तू उचलशील तेव्हा उचलशील. कागद उडतात तर वर काहीतरी ठेवावं. दुसरं काही सापडलं नाही तर अक्कल ठेवावी."

कागद सुनेच्या कॉलेजचे होते. तिच्या वर्गातली मुलं मिळून माहितीपटांची मालिका करत होती, घर कोण चालवतं या विषयावर. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचं अ‍ॅनिमेशन येणार होतं आणि ते काम सुनेच्या गळ्यात पडलं होतं. आज संध्याकाळी सरांना त्याचा आराखडा दाखवायचा होता. एका बाईची चित्रं. पहिल्या चित्रात ती दारात उभी, कमरेला किल्ल्या. मग ती वाढत जाते. डोकं छताला लागतं, हात खिडक्यांतून बाहेर येतात, आणि शेवटी अख्खं घर तिच्या अंगावर झग्यासारखं बसतं. बाकीची माणसं तिच्या पायाशी, मुंग्यांएवढी. वर्ग पोट धरधरून हसला होता.

हसण्यासारखंच होतं ते. फक्त बाई कोण, हे एकट्या सुनेला ठाऊक होतं. दुधावर झाकण ठेवलं नाही म्हणून एका सकाळी जे काही ऐकून घ्यावं लागलं, त्या रागात तिने ती काढली होती. तेच नाक, तीच कमरेवरची मूठ. चष्मासुद्धा तोच, एका दांडीला दोरा बांधलेला.

हे त्या बाईनेच पाहिलं तर? लग्नानंतर सुनेने कॉलेजचं नाव काढलं तेव्हा नवरा छताकडे बघत बसला होता. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "ही शिकायला गेली तर चूल कोण सांभाळणार?" आणि याच सासूने चार माणसांत ठणकावलं होतं, "चूल कुठे पळून जात नाही. वय पळतं. जाऊ दे तिला." जिच्या शब्दावर घराबाहेर पाऊल पडलं, तिच्याच शब्दावर ते परत आत येणार होतं. आणि तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची? खाल्ल्या घरचे वासे मोजले होते, तेही चित्रं काढून.

सासूने पंखा बंद केला आणि ती कागद टेबलावर मांडू लागली. फळीवर डबे लावायची तसेच. मोठ्या बाईचा आधी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. "आई, उलटं होतंय," असं सून म्हणणार होती, पण तिने पटकन खुर्चीवरचा टॉवेल उचलला. सासूने चष्मा डोक्यावरून नाकावर ओढला होता.

ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. परत आली. सून एकाच टॉवेलची घडी घालत होती आणि मोडत होती.

"हिला मी ओळखते," सासू म्हणाली.

टॉवेल सुनेच्या हातून गळून पडला.

"माझी सासू."

सुनेने मान वर केली.

"मी या घरात आले तेव्हा ही एवढी होती बघ. दारात तीच, खिडकीत तीच. शिंकायचं तरी तिला विचारून. आणि आम्ही सगळे या अशा मुंग्या." सासूचं बोट कागदांवरून पुढे सरकत गेलं. "मग हळूहळू हात खिडकीतून आत आले. डोकं छतावरून खाली आलं. शेवटी शेवटी तर एवढीशी झाली होती. मीच उचलून न्हाणीत न्यायचे. किल्ल्या तेवढ्या सोडल्या नाहीत हो बयेने. बरोब्बर काढलंयस."

सुनेने असा काही श्वास सोडला की जवळचा कागद हलला. वाचले, तिच्या मनात आलं. ती टेबलाशी वाकली, आणि मग तिलाही ती चित्रं दिसली. बाई लहान होत होती. मुंग्यांची माणसं होत होती, उठून उभी राहत होती. घरात जागा होत होती. हसू येत नव्हतं, पण नजरही हलत नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि कागदांमागचे आकडे खोडून भराभर उलटे घालायला लागली.

"सरांना असंच दाखवते, आई. मोठीपासून छोटीपर्यंत."

"दाखव की. मला कशाला विचारतेस? मी काय तुझ्या कॉलेजात मास्तरीण आहे?"

सासू स्वयंपाकघराकडे निघाली. दारात क्षणभर थांबली, मूठ कमरेवर. तिथे ती जरा बुटकीच दिसली. सुनेला हे आधी कधी जाणवलं नव्हतं. मग सासू वळून परत आली, कागदांचा गठ्ठा नीट जुळवला आणि पंखा लावल्यावर उडू नये म्हणून आपला चष्मा काढून त्यावर ठेवला.

"माझ्या सासूला चष्मा नव्हता," ती म्हणाली. "पण आता काढलाच आहेस, तर समोर ठेवून नीट काढ. दोरा डाव्या दांडीला आहे."