आईच्या फाईलचा आकार

किन्हीराजा गावची पौर्णिमा कॉम्प्युटरची सी भाषा शिकत होती. फाईल न उघडता तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ सांगणारा प्रोग्राम तिनं लिहिला, आणि आईच्या आवाजातल्या वंदनेच्या फाईलवर चालवला. आई, भागिरथाबाई, गेल्यावर तेवढाच तिचा आवाज उरला होता. तो ऐकायची पौर्णिमाची छाती होत नव्हती.

बदल आजचा, संध्याकाळी सहाचा. आकार वाढलेला. कॉम्प्युटर तर दिवसभर बंद होता, तिनं आत्ताच सुरू केला होता.

"आबा, तुमी हात लावला काय?" तिनं वडिलांना विचारलं.

"मी कायले लावू? सहाले तुह्या आईच्या फोटोपुढं वंदना म्हणून राह्यलो होतो. ती असताना कधी म्हटली नाई, आता पाठ कसी राहीन?"

फाईल बिघडली तर नाही ना, या भीतीनं पौर्णिमानं ती उघडली. आईची वंदना शेवटपर्यंत नीट वाजली. मग आबांचा आवाज सुरू झाला. मधेच ते अडखळले, आणि आईनं हसून पुढचा शब्द सांगितला.