चढावरची तीन मापं

तपासनीसांनी दुकानाच्या छतातल्या कडीला हुकाचा काटा अडकवला आणि त्याला चौथी सायकल टांगली.

"बावीस किलो चारशे ग्रॅम," त्यांनी वाचले. "माहितीपत्रकात एकवीस छापलंय."

"नशीब, आपलं लग्न ठरलं तेव्हा हा काटा नव्हता तुमच्याकडे," त्यांची पत्नी म्हणाली.

दुकानाची मालकीण स्वतःच मेकॅनिक होती. हसू लपवायला ती पान्ह्यांच्या खणात काहीतरी शोधू लागली.

व्हॉल्व्हच्या कारखान्यात छत्तीस वर्षे तपासणी विभागात काढलेल्या माणसाला कोणतीही वस्तू नुसती बघून घेता येत नाही. इलेक्ट्रिक सायकल घ्यायची ठरल्यावर तपासनीसांनी चार दिवस बसून सतरा रकान्यांचा तक्ता आखला होता. बॅटरीची क्षमता, मोटरचा जोर, ब्रेकचा प्रकार, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, सारे त्यात होते. सर्वांत वर, चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिले होते: 'चालविणार: पत्नी. अडचण: उजवा गुडघा.'

लग्न झाल्यापासून दोघे रोज सकाळी आपापल्या साध्या सायकलींवरून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जात. टाकीच्या अलीकडे उभा चढ होता. चार महिन्यांपूर्वी त्या चढाच्या मध्यावर पत्नी गुडघा धरून थांबली, आणि मग रोजच थांबू लागली. तपासनीस कधी चिडले नाहीत. "बस निवांत, मला कसली घाई?" असे म्हणून तेही शेजारी कठड्यावर टेकत आणि तिच्या आधी कधी उठत नसत. मात्र गेल्या रविवारी ती म्हणाली, "आता टाकी नको. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यानं जात जाऊ." आज टाकी सुटली की उद्या सायकल सुटणार, आणि मग दोघांची सकाळ दोन खुर्च्यांत बसून सरणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होते.

"पहिला प्रश्न मोटरच्या जोराचा," त्यांनी पेन्सिल सरसावली.

"त्याच्या आधी चालवणारा बघा, काका," मालकीण म्हणाली. "त्याला काय हवंय ते कळलं, की मोटर आपोआप ठरते."

"चालवणारी समोर उभी आहे, आणि काय हवंय ते तिच्या गुडघ्याला विचारा. पुढे बोला."

"पुढे काय? चढावर नेऊन बघा."

"उंच माणसालाही बसता येईल अशी आहे ना ही?" पत्नीने मध्येच विचारले. "म्हणजे, अधूनमधून यांनाही घेता येईल."

"मला कशाला? माझे पाय शाबूत आहेत."

दुकानामागचा रस्ता टेकडीवर चढत गेला होता. टाकीच्या चढाहून तो तसूभर अधिकच उभा होता. मालकीण हँडलवरची बटणे समजावू लागली, तोच तपासनीसांनी हात वर केला. "बटणांचं नंतर. चाचणी चालू असताना काही हलवायचं नाही. अगं, तूही कशाला हात लावू नकोस, मापं बिघडतील." त्यांनी पडद्यावरचा आकडा टिपून घेतला: बॅटरी शहाण्णव टक्के. एका मापावर भरवसा ठेवायचा नाही, तीन घ्यायची, ही कारखान्यातली शिस्त. म्हणून पत्नीने तीन फेऱ्या करायच्या होत्या.

ते घड्याळ घेऊन पायथ्याशी उभे राहिले. पहिल्या फेरीला दोन मिनिटे बावन्न सेकंद लागले, दुसरीला पंचावन्न. तिसरी एकोणपन्नासातच झाली. पत्नी खाली आली तेव्हा तिच्या कपाळावर केस चिकटले होते, पण चेहरा शाळा सुटल्यासारखा खुलला होता.

"छान आहे," ती म्हणाली. "फक्त मोटर फारसं काही करत नाही हं. आपल्यालाच पायडल रेटावं लागतं."

तपासनीसांनी पडदा पाहिला. शहाण्णव टक्के. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. शहाण्णवच.

"हे अशक्य आहे," ते म्हणाले. "मीटर खोटं बोलतोय."

सायकल आत आणली. मालकिणीने बॅटरी काढून यंत्रावर तपासली. आकडा बरोबर होता. मग तिने मागचे चाक उचलून पायडल फिरवत हँडलवरचे एक बटण दाबले. मोटर गुणगुणली आणि चाक भिरभिरू लागले.

"मग मघाशी काय झालं होतं?"

मालकिणीने पडद्याचा कोपरा दाखवला. "इथे शून्य होतं, काका. नवख्या माणसाला झटका बसू नये म्हणून मी सायकल शून्यावर ठेवूनच बाहेर काढते. तेच सांगत होते, तर तुम्ही बटणाला हात लावू दिला नाही."

"म्हणजे मोटर बंद होती."

"पूर्ण बंद."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

तपासनीसांनी तक्ता पुन्हा उघडला. बावीस किलोंची सायकल. उभा चढ. तीन फेऱ्या, सरासरी दोन मिनिटे बावन्न सेकंद. मीटर बरोबर होता, घड्याळ बरोबर होते, वजन तर त्यांनी स्वतः केले होते. सगळ्या तक्त्यात आता एकच नोंद तपासायची राहिली होती. पत्नी फळीवरच्या घंट्या एकेक करून वाजवून बघण्यात भलतीच गुंग झाली होती.

"खरं सांग," ते म्हणाले, "तुझा गुडघा नेमका कधीपासून दुखतोय?"

तिने हातातली घंटी जागेवर ठेवली.

"तुम्हाला चढावर दम लागायला लागला, तेव्हापासून."