बूटलोडरचा रविवार

आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. चालू केला की कुठलं हवं ते विचारणारी यादी येते. ती यादी आणणारा बूटलोडर सलग तीन शनिवारी उडाला आणि तो परत बसवायला सलग तीन रविवारी बाबांच्या ओळखीतला अपूर्व कोपरीहून डोंबिवलीला आला. तीनही वेळा उडवला मीच. लाज कसली त्यात! मुलं दाखवायची नाहीत, अशी तंबी मी बाबांना दिलेली. दुरुस्तीला येणाऱ्यांबद्दल काहीच बोलले नव्हते.

चौथ्या शनिवारी मात्र ऑफिसात अडकले आणि उडवायचा राहूनच गेला. रविवारी सकाळी तोंड पाडून बसलेले, तर बेल वाजली. दारात अपूर्व!

"काकांनी बोलावलं. परत गेला म्हणे."

"कसा जाईल? या वेळी मी हातसुद्धा लावला नाही!" बोलून गेले आणि जीभ चावली.

तो कॉम्प्युटरसमोर बसला. चार-पाच बटणं दाबली आणि हसायलाच लागला. "अंतरा, तू दर वेळी एकच फाईल उडवतेस. आज कोणीतरी सगळंच उडवलंय."

तेवढ्यात बाबा पोह्यांची बशी घेऊन आले.

"हिला काल वेळ नव्हता, म्हणून मीच बसलो. दोन तास खपलोय, अपूर्व. आता पटकन दुरुस्त करून टाकू नकोस. संध्याकाळपर्यंत तरी पुरव."