नेटवर्कचा दगड

दगडावर चढून हेमचंद्रनं फोन डोक्यावर धरला. नेटवर्कची एक कांडी आली, गेली. त्यानं टाचा उंचावल्या. कांडी परत आली. मेल मात्र आली नाही.

हा दगड त्यानं पहिल्याच सकाळी शोधून काढला होता. लॉजपासून वीस मिनिटं चढावर, वाट सगळी डासांच्या मालकीची. लॉजवर फोन नाही, वायफाय नाही, टीव्ही नाही. माहितीपत्रकात ही वैशिष्ट्यं म्हणून छापली होती.

“ऑफिसचं अर्जंट आहे,” असं अरुणाला सांगून तो रोज सकाळी इथं येई. अडचण एवढीच की ऑफिस नव्हतं. ते राहत त्या कनाटा उपनगरातल्या टेलिकॉम कंपनीनं सहा आठवड्यांपूर्वी त्याला एका मीटिंगमध्ये बावीस वर्षांच्या सेवेबद्दल धन्यवाद दिले होते. मीटिंग पंधरा मिनिटांची होती. त्यातली पाच ऑडिओ लागत नव्हता म्हणून गेली.

बायकोला सांगायचं राहून गेलं. पहिल्या दिवशी ती पोळ्या करत होती. दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. पुढं तर ‘इतके दिवस का नाही सांगितलंस’ याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. शिवाय फेब्रुवारीत मराठी मंडळात ‘नोकरी कशी टिकवावी’ यावर त्यानंच भाषण दिलं होतं. स्लाइड्स अजून मंडळाच्या वेबसाइटवर होत्या.

तेव्हा तो रोज साडेसातला डबा घेऊन घरातून निघे. लॅपटॉप कंपनीनं परत घेतला होता, म्हणून बॅगेत वजनाला हिवाळी बुटांचा जोड. कनाटाच्या लायब्ररीत मंडळाचं कुणीतरी भेटणारच, म्हणून पंचवीस किलोमीटरवरची दुसरी लायब्ररी. मिसिसागाच्या एका कंपनीत तिसरा इंटरव्ह्यू झाला होता. उत्तर शुक्रवारपर्यंत येणार होतं. आलं की अरुणाला एका दमात सांगायचं: जुनी सोडली, नवी धरली.

आज शुक्रवार होता.

ही सुट्टी मध्येच उपटली. “मार्चमध्येच बुक केलीय, कॅन्सल होत नाही,” अरुणा म्हणाली होती. माशाच्या वासानं मळमळणाऱ्या बाईनं मासेमारीचा लॉज का निवडावा, हे विचारण्याइतकं त्याचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं.

तो घाम पुसत नदीवर उतरला. अरुणा काठावर खुर्ची टाकून, ओढणी नाकाला लावून बसली होती. लॉजवर तिन्ही त्रिकाळ मासे, म्हणून तिनं घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. दोघं जेवली. शेवटचा घास घशाखाली उतरायच्या आत हेमचंद्र उठला, पाण्याशी उकिडवा बसला आणि वाळूनं डबा घासू लागला. नजर मात्र डोंगरावरच्या दगडाकडे.

“गुड हजबंड!” गाईड रेमी अरुणाला म्हणाला.

“हल्लीच,” अरुणा म्हणाली. “व्हेरी रीसंट.”

मग छातीपर्यंतची रबरी विजार चढवून हेमचंद्र गुडघाभर पाण्यात उतरला. फोन शर्टाच्या खिशात. न जाणो, वाऱ्याबरोबर एखादी कांडी इथवर आली तर! तीन दिवसांत चार सॅमन त्याच्या गळाशी आले होते आणि चारही त्यानं घाईनं हिसका मारून घालवले होते.

“मिस्टर हेम,” रेमी इंग्रजीत म्हणाला, “मासा लागला की ओढू नका. नुसती वाट पाहा.”

“सहा आठवडे तेच करतोय,” हेमचंद्र मराठीत पुटपुटला.

तेवढ्यात दोरी ताणली. या वेळी त्याचं चित्त इतकं दगडावर होतं, की हिसका मारायचं तो विसरला. सॅमन पक्का लागला. वीस मिनिटं ओढाताण झाली. मोठा सॅमन सोडून द्यायचा, असा नदीचा नियम. रेमीनं गळ काढला आणि मासा हेमचंद्रच्या हातांत दिला. “पाण्यातच धरा. तोंड प्रवाहाकडे. त्याला दम घेऊ द्या. बरं वाटलं की आपणहून जाईल.”

हेमचंद्र वाकला आणि खिशातला फोन डुबकन पाण्यात पडला.

फोन दोन दगडांमधून घरंगळत खोल धारेत निघाला. हेमचंद्रला दोनच हात होते आणि दोन्हींत मासा होता.

“सोडू नका!” रेमी ओरडला. “आत्ता सोडलात तर मरेल!”

हेमचंद्रनं सोडला नाही. त्याच्या हातांत मासा कल्ले उघडत होता, मिटत होता. मग शेपटीचा एक फटका बसला आणि हात रिकामे झाले. फोनही दिसेनासा झाला होता.

“माझी मेल!” तो किंचाळला. “अरु, आज मेल येणार होती! ऑफिसची!”

“कुठल्या ऑफिसची?” अरुणानं ओढणी नाकावरून काढली.

रेमीला मराठी येत नव्हतं, पण लग्न त्याचंही झालं होतं. तो काठाला लावलेल्या नावेकडे गेला.

“बावीस वर्षांत तू एकदाही डबा धुऊन घरी आणला नाहीस, हेम,” अरुणा म्हणाली. “दीड महिना झाला, रोज लखलखीत येतोय.”

लायब्ररीच्या वॉशरूममध्ये, जेवणानंतर काही करायला नसल्यानं, तो डबा दोनदा घासायचा. एकदा तर झाकणाची रबरी रिंगही काढून धुतली होती.

तो पाण्यातच उभा राहिला. “मग ही सुट्टी...? मार्चमध्ये बुक केलीस ना?”

“तिसऱ्या धुतलेल्या डब्यानंतर केली,” ती म्हणाली. “म्हटलं, चार दिवस तरी सकाळी उठून तुला कुठं जायला नको. तर तू इथंही दगड शोधलास.”