भुंग्याचा पट्टा

"तुझी झोपेची गोळी कुत्र्याला कशाला दिलीस? गळ्यात औषधाचा पट्टा आहे ना त्याच्या!" पुष्कर आईवर ओरडला.

"अर्धीच दिली रे, तुपात कालवून. फटाक्यांनी थरथरत होता बिचारा."

निपचित पडलेला भुंग्या त्या ओरडण्याने दचकला. लगेच पट्ट्याने टिक करून औषधाचा आणखी एक थेंब त्याच्या कातडीत सोडला. कुत्रा घाबरला की पट्टा आपणहून औषध देतो.

पुष्करने फोन लावल्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता एक थेंबही गेला तर श्वास थांबेल. पट्टा ओढू नका, सगळं औषध एकदम जाईल. मी वीस मिनिटांत येऊन उघडते. तोवर त्याला घाबरू देऊ नका."

पुष्करने ओठ आवळले आणि हळूच हात पुढे केला. भुंग्याचे कान मागे गेले. पट्ट्यावरचा हिरवा दिवा पिवळा झाला. पुष्कर मागे सरकला, तसा पुन्हा हिरवा.

फटाके तर कधीच थांबले होते.

आईने दिव्याकडे पाहिलं, मग पुष्करकडे.

त्याने चपला हातात घेतल्या. "श्वास नीट झाला की खिडकीतून हात कर," तो पुटपुटला. "मी बाहेर थांबतो, मला आता इथून निघायलाच हवं."