सातशे ग्रॅमची बॅग

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तिच्यासाठी स्लीपिंग बॅग घ्यायला गेलो होतो. ती बुटांसकट बॅगेत शिरली, हनुवटीपर्यंत चेन ओढली आणि दुकानाच्या मधोमध आडवी झाली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जाऊ लागली.

"आई, ऊठ. लोक बघतायत."

"बघू देत. झोपल्याशिवाय कळणार कसं?" मग तिने दुकानदाराला विचारलं, "आत काय भरलंय हो?"

"बदकाची पिसं, काकू. अख्खी बॅग सातशे ग्रॅम."

"मग ते बदक आता काय पांघरतं?"

चेन जरा अडत होती, म्हणून त्याने दुसरी बॅग मागवली. ती आल्याचा फोन आला, तेव्हा आईला जाऊन वीस दिवस झाले होते. बॅग नको, हे सांगायला मी स्वतःच गेले. कारण ऐकून दुकानदार म्हणाला,

"तुम्ही गाडी काढायला गेलात ना, तेव्हा काकू म्हणाल्या, 'सगळ्यांत हलकी द्या. मला मेलीला तंबूत झोपच येत नाही. पण पोरीला भारी हौस, म्हणून वीस वर्षं झोपेचं सोंग घेऊन पडतेय. तिला सांगू नका हं.'"

बॅग काउंटरवरच होती. मी तिच्याकडे बघत, भर दुकानात, मोठ्याने म्हणाले,


"आई, मी तुझ्या हौसेसाठी येत होते गं. मीसुद्धा जागीच असायचे."